टपावरची खुर्ची

मांजरसुंब्याच्या चौकात, जिथे बीडहून आलेला महामार्ग चौसाळ्याच्या दिशेने निघून जातो आणि त्याला एका अंगाने पाटोद्याची, दुसऱ्या अंगाने नेकनूर-केजची वाट फुटते, तिथे सकाळी आठ-नऊच्या सुमारास अर्धा तास रस्त्याच्या कडेला उभे राहावे, म्हणजे या जिल्ह्याच्या प्रवासाचा सारा जमाखर्च डोळ्यांसमोर मांडला जातो. एस.टी.ची लाल गाडी येते, थांबते, निघून जाते. तिला वेळापत्रक आहे, तिकीट आहे, आणि आत राखीव आसनांवर रंगवलेली अक्षरेही आहेत. तिच्या मागोमाग काळी-पिवळी जीप येते. तिला वेळापत्रक नाही, तिकीट नाही आणि भरल्याशिवाय ती हलत नाही. ‘केज, केज, नेकनूर, केज’ अशी आरोळी दारात लोंबकळणारे पोर देत असते; प्रवासी हा शब्द तिथे कोणाच्या तोंडी नसतो, तिथे ‘शीट’ असते. दोन शिटा आल्या, चार कमी आहेत, मागे अजून एक शीट सरकून बसेल, असा हिशेब चाललेला असतो.

या हिशेबात चाकाची खुर्ची आली की क्षणभर तो थांबतो. बहुधा आई बरोबर असते, किंवा धाकटा भाऊ. खुर्चीत कमरेपासून खाली बळ नसलेला तरुण, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत कागदपत्रे. चालक खाली उतरतो, तंबाखू थुंकतो, बाह्या मागे सारतो. एक हात गुडघ्यांखाली, दुसरा पाठीमागून काखेत, आणि ‘मावशी, तेवढं डोकं सांभाळा’ असे म्हणत तो त्या तरुणाला उचलून पुढच्या आसनावर ठेवतो. हे पुढचे आसन म्हणजे जीपमधली मोक्याची जागा; तिथे एरवी दोन शिटा कोंबल्या जातात, म्हणजे त्या फेरीपुरते एका माणसाचे भाडे चालकाने सोडलेले असते. मग खुर्चीची घडी होते. पायदाने काढून आसनाखाली सरकवतात, कारण ती वाटेत निसटतात हे अनुभवाने ठाऊक असते. खुर्ची टपावर चढते, कांद्याच्या गोणीला टेकून आडवी होते आणि जुन्या ट्यूबच्या कापलेल्या पट्टीने कॅरियरला बांधली जाते. हे सारे दोन-तीन मिनिटांत होते. पुढे खड्ड्याखड्ड्याला वर खुर्ची खडखडते, आणि तिचा धनी खाली बसून तो आवाज ऐकत असतो. केजला उतरल्यावर चाक सरळ फिरते की नाही, हे पाहिल्याखेरीज त्याचा जीव खाली पडत नाही.

त्या चालकाविषयी माझी तक्रार नाही. उलट या सबंध व्यवहारात ज्याने हात लावला असा तोच एक इसम आहे. पण त्याने जे केले ते उपकार म्हणून केले, आणि उपकाराचा स्वभाव असा की तो आज होतो आणि उद्या, गर्दी असली, मागची जीप नंबर घेऊन उभी असली किंवा नुसते मन नसले, तरी होत नाही. आणि न झाल्याबद्दल दाद कोठे मागावी याचा पत्ता कोणालाच सांगता येत नाही. ज्याला हक्क म्हणतात तो असा कोणाच्या मनावर लोंबकळत नसतो. या लेखाचा विषय एवढाच आहे की, ज्या वाहनावर या जिल्ह्यातील अपंग माणसाचा प्रवास खरोखर अवलंबून आहे, नेमके तेच वाहन अपंगांविषयीच्या सगळ्या कायद्यांच्या नजरेतून कसे निसटले, आणि ते पुन्हा नजरेत आणायला काय लागेल.

बीड जिल्ह्याचे क्षेत्रफळ १०,६९३ चौरस किलोमीटर. २०११च्या जनगणनेप्रमाणे वस्ती २५ लाख ८५ हजार, आणि तीत पाचांतले चार जण खेड्यांत राहणारे. बालाघाटाच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे वरचा आणि खालचा असे दोन भाग केलेले. धारूर, मांजरसुंबा, अशा घाटांनी ते जोडलेले. तालुके ११. रुग्णालय म्हणावे तर बीडला किंवा अंबाजोगाईला जायचे. न्यायालय, खजिना, तहसील, सारे तालुक्याला. अपंगत्वाचा दाखला काढायचा तर वैद्यकीय मंडळापुढे देह रुजू करावा लागतो, आणि ज्याला चालता येत नाही त्याने चालता येत नाही हे सिद्ध करण्यासाठी पन्नास-साठ किलोमीटर प्रवास करायचा, ही त्या दाखल्याची पूर्वअट होऊन बसते. दाखला असल्याखेरीज एस.टी.ची सवलत नाही, म्हणजे पहिला प्रवास सवलतीविनाच. मग मोबाइलवर ओळखपत्राची नोंद झाली, ते वैश्विक झाले, सर्व देशात चालू लागले. तपासणीसाठी जाण्याची वाट मात्र तीच राहिली.

मराठवाड्यात मोटारीने सार्वजनिक प्रवास घडवण्याची जबाबदारी सरकारने घेतली ती निजामाच्या अमलात. १९३२ साली निजाम स्टेट रेल्वेने २७ बसगाड्या घेऊन रस्ते वाहतुकीचे खाते उघडले. देशात सरकारने चालवलेल्या बसवाहतुकीचा तो अगदी आरंभीचा प्रयोग. हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ला भारतात सामील झाले. त्याच वर्षी १ जूनला इकडे मुंबई राज्यात पुणे ते अहमदनगर अशी पहिली एस.टी. धावली होती, भाषावार प्रांतरचनेनंतर मराठवाड्याची वाहतूकही त्याच महामंडळात विलीन झाली. ‘गाव तिथे एस.टी.’ हे ब्रीद या महामंडळाने बऱ्याच अंशी खरे करून दाखवले, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र ‘गाव तिथे’ म्हणजे गावाच्या फाट्यावर, दिवसातून दोन वेळा, हेही तितकेच खरे. फाट्यापासून गावापर्यंत आणि दोन फेऱ्यांच्या मधल्या सबंध दिवसात जी पोकळी राहिली, ती ट्रॅक्स, क्रूझर, कमांडर आणि पुढे तीनचाकी अ‍ॅपे यांनी भरून काढली. पश्चिम महाराष्ट्रात या खासगी वाहतुकीला वडाप म्हणतात, आमच्याकडे नुसते ‘जीप’ म्हटले तरी पुरते.

आता कायद्याची कैफियत. अपंगांसाठीचा पहिला व्यापक केंद्रीय कायदा १९९५चा. त्याच्या ४४व्या कलमात वाहतूक क्षेत्रातील आस्थापनांना असे सांगितले होते की, त्यांनी आपल्या आर्थिक कुवतीच्या आणि विकासाच्या मर्यादेत राहून रेल्वेचे डबे, बसगाड्या, जहाजे आणि विमाने अपंगांना सुलभ होतील अशी करावीत. हे कलम मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा मला हसू आवरत नाही. बीडला समुद्र नाही. विमानतळ नाही. परळीचा अपवाद सोडला तर रेल्वेही नव्हती. १९९५ सालीच मंजूर झालेल्या अहिल्यानगर-बीड-परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गावरून बीड शहरात पहिली प्रवासी गाडी आली ती ३० वर्षांनी, १७ सप्टेंबर २०२५ रोजी. म्हणजे या कलमातील चार वाहनांपैकी तीन आमच्यासाठी भूगोलाच्या पुस्तकात होती, चौथे फाट्यावर थांबत होते, आणि जे दारात येत होते त्याचे नाव यादीत नव्हते.

२०१६चा दिव्यांगजन हक्क अधिनियम १९ एप्रिल २०१७पासून अंमलात आला. तो पुष्कळच व्यापक आहे. अपंगत्वाचे प्रकार ७ होते ते २१ झाले, आणि भाषाही बदलली. ‘अपंग’ जाऊन ‘दिव्यांग’ आले, कचेऱ्यांवरच्या पाट्या रातोरात रंगवल्या गेल्या. (पायऱ्यांची उंची तेवढ्या वेगाने उतरली असती तर हा लेख लिहावा लागला नसता.) त्याचे ४१वे कलम वाहतुकीच्या सर्व साधनांविषयी बोलते, जुन्या वाहनांत फेरबदल करण्याविषयीही बोलते, आणि ४६वे कलम तर सेवा देणारा सरकारी असो वा खासगी, त्याने सुलभतेच्या नियमांप्रमाणे दोन वर्षांच्या मुदतीत सेवा द्यावी असे निःसंदिग्ध शब्दांत सांगते. इथपर्यंत वाचले म्हणजे वाटते की जीपवाला आता सापडला. पण ४१व्या कलमाच्या पोटातच एक दार उघडे ठेवले आहे: जुन्या वाहनांतील फेरबदल तांत्रिकदृष्ट्या शक्य व निर्धोक असेल, आर्थिकदृष्ट्या परवडणारा असेल, आणि वाहनाच्या मूळ घडणीत मोठा बदल करावा लागणार नसेल, तरच. आणि दुसरे दार व्याख्येत आहे. ‘खासगी आस्थापना’ म्हणजे कंपनी, पेढी, सहकारी संस्था, न्यास, कारखाना वगैरे. कर्ज काढून एक जीप घेतलेला आणि स्वतःच ती हाकणारा नेकनूरचा गडी यांतला कोण?

तिसरे दार सर्वांत रुंद आहे आणि ते अपंगांच्या कायद्यात नसून मोटार वाहनांच्या कायद्यात आहे. १९८८च्या मोटार वाहन अधिनियमाप्रमाणे सहाहून अधिक व बारांपर्यंत प्रवासी नेणारी गाडी ही ‘मॅक्सीकॅब’, आणि अशा गाड्यांना सामान्यतः मिळतो तो कंत्राटी वाहतुकीचा परवाना. त्याचा अर्थ असा की सबंध गाडी एका ठरावाने एका गिऱ्हाइकाने भाड्याने घ्यायची, आणि वाटेत कोणाला चढवायचे-उतरवायचे नाही. टप्प्याटप्प्याने वेगळे भाडे घेऊन माणसे नेण्याचा अधिकार, ज्याला टप्पा वाहतूक म्हणतात, तो महाराष्ट्रात मुख्यत्वे एस.टी.चा. मांजरसुंब्याच्या चौकात उघड्या डोळ्यांनी जे दिसते ती टप्पा वाहतूक आहे. दप्तरात जे लिहिले आहे ते कंत्राट आहे. दप्तर आणि रस्ता यांच्यातले हे अंतर गेली कित्येक वर्षे सर्वांनी मिळून, अधूनमधून दंडाच्या पावत्या फाडत, जपले आहे. त्याचा परिणाम असा झाला की, ज्या सेवेचे अस्तित्वच दप्तराला मान्य नाही तिच्यावर सुलभतेचे बंधन घालायचे म्हणजे आधी तिचे अस्तित्व कबूल करायचे, आणि तेवढी कबुली द्यायला कोणी तयार नाही.

पण गरज पडली तेव्हा ती दिली गेलीच. २०२१च्या शेवटी एस.टी. कर्मचाऱ्यांचा प्रदीर्घ संप सुरू झाला आणि तो २०२२च्या एप्रिलपर्यंत लांबला, तेव्हा राज्य शासनानेच खासगी प्रवासी वाहनांना टप्प्याने माणसे नेण्याची मुभा दिली, आणि एरवी ज्या स्थानकांच्या आवाराबाहेर त्यांना हाकलले जाई तिथूनच त्या गाड्या सुटू लागल्या. म्हणजे या गाड्या सार्वजनिक सेवा आहेत हे सरकारला ठाऊक नाही असे नाही. ते ज्ञान सोयीप्रमाणे तहकूब ठेवले जाते.

एस.टी.चे काय? एस.टी.त दिव्यांगांना भाड्यात ७५ टक्के सवलत आहे, आणि अपंगत्व अधिक असेल तर सोबतच्या माणसालाही निम्मी. ही लहान गोष्ट नव्हे. अनेकांची शाळा-महाविद्यालये या सवलतीने झाली आहेत. पण साध्या गाडीचा सांगाडा मालमोटारीच्या जातीचा, तिचा तळ जमिनीपासून मीटरभर तरी वर, अरुंद दार आणि उभ्या पायऱ्या. कुबडीवाला दांड्याला धरून चढतो; खुर्चीवाल्याला चढता येत नाही. म्हणून असा विचित्र न्याय होतो की, ज्या गाडीत पाव भाडे पडते तिच्यात त्याला चढता येत नाही, आणि जिच्यात उचलून का होईना चढवले जाते तिथे पुरे भाडे पडते, कधी टपावरच्या खुर्चीचे वेगळेही.

मोठ्या गाड्यांबाबत कायदा अलीकडे बराच पुढे गेला, हे नोंदले पाहिजे. सुगम्य भारत अभियान ३ डिसेंबर २०१५ रोजी सुरू झाले तेव्हा सरकारी मालकीच्या सार्वजनिक वाहनांपैकी ठरावीक हिस्सा पूर्ण सुलभ करण्याचे उद्दिष्ट मुक्रर झाले होते, आणि मुदती पुढे पुढे सरकत गेल्या. डिसेंबर २०१९मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली: १ मार्च २०२०पासून बसगाड्यांच्या योग्यता तपासणीत राखीव आसने, खुणा, कुबड्या अडकवण्याची सोय, आधाराचे दांडे, आणि चाकाची खुर्ची आत घेण्याची व जागच्या जागी खिळवण्याची व्यवस्था पाहिली जावी. मला या दुरुस्तीचे विशेष वाटते ते यासाठी की तिने सुलभतेला परोपकाराच्या खात्यातून काढून ब्रेक आणि दिव्यांच्या रांगेत बसवले. ज्या गाडीचे ब्रेक लागत नाहीत तिला प्रमाणपत्र नाही, तसेच जिच्यात खुर्ची शिरत नाही तिलाही नाही. तत्त्व उत्तम. पण हे बसगाड्यांसाठी. जीपही दर वर्षा-दोन वर्षांनी योग्यता प्रमाणपत्रासाठी त्याच मैदानात उभी राहते, गाडी आठ वर्षांची झाली की दरसाल. निरीक्षक तिचे दिवे पाहतो, टायर पाहतो, आणि तिच्या मागच्या पायरीवर पाय ठेवून स्वतः उतरतो.

मग ८ नोव्हेंबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. राजीव रतूरी या दृष्टिहीन गृहस्थांनी २००५ साली सार्वजनिक ठिकाणे आणि वाहतूक यांच्या सुलभतेसाठी याचिका केली होती. त्या प्रकरणात सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने असे ठरवले की, दिव्यांगजन हक्क अधिनियमाखालच्या २०१७च्या नियमांतील १५वा नियम मूळ अधिनियमाशी विसंगत आहे. अधिनियम म्हणतो की सुलभता बंधनकारक आहे. नियमाने मात्र अनेक खात्यांच्या मार्गदर्शक पुस्तिका एकत्र बांधून ठेवल्या होत्या, आणि त्या पुस्तिकांची भाषा ‘करावे’, ‘केल्यास बरे’ अशी. शिफारस म्हणजे हुकूम नव्हे. ज्यांच्यावाचून चालणारच नाही अशा किमान गोष्टी वेगळ्या काढून त्या सक्तीच्या कराव्यात, यासाठी न्यायालयाने केंद्राला तीन महिन्यांची मुदत घातली. या निकालातली किमान सक्तीची कल्पना लहान वाहनांच्या प्रश्नाला फार उपयोगी आहे. सगळे एकदम मागितले की काहीच मिळत नाही, हा अपंगांच्या चळवळीचा जुना अनुभव. जीपकडून किमान काय मागावे?

त्यासाठी आधी थोडे गणित. इमारतींसाठी उताराचे प्रमाण १२ला १ असे धरतात. एक मीटर चढायचे तर १२ मीटर लांबीचा उतार. साध्या बसची लांबीच ११-१२ मीटर, म्हणजे तिच्या दाराला नियमाप्रमाणे उतार लावायचा तर तो गाडीएवढा लांब व्हावा. जीपचा तळ त्याहून खाली, तरी साठ सेंटिमीटर धरले तर सात मीटरचा उतार. मदतनीस असेल तर याहून पुष्कळ चढते फळकूट वाहनांना चालवून घेतात, पण तेही सुरक्षित होण्यासाठी दीड-दोन मीटरचे तरी हवे, आणि आत खुर्ची शिरल्यावर तिला उभे राहायला जी जागा लागते ती तीन-चार शिटांची. शिवाय समोरासमोरच्या बाकांमधून खुर्ची आत वळतच नाही. एक बाक कायमचा काढावा लागेल. म्हणजे प्रत्येक जीपला उताराची फळी सक्तीची करा असे म्हणणे हा हुकूम कागदावर शोभेल, आणि जीपवाल्यावर तो अन्यायही होईल. त्याची स्थिती आधीच नाजूक आहे. २०२२च्या ऑगस्टपासून ७५ वर्षांवरील वृद्धांना एस.टी. मोफत झाली, २०२३च्या मार्चपासून स्त्रियांना निम्मे भाडे झाले. दोन्ही योजना योग्यच, पण त्यांचा भार ज्याच्या शिटांवर पडला तो हाच माणूस. एस.टी.ला सवलतीची भरपाई सरकार देते. याला कोण देणार?

इतर देशांनीही लहान गाडीला वेगळे तोलले आहे. इंग्लंडमध्ये २०००च्या नियमांनी ठरल्या वेळी धावणाऱ्या ज्या बसगाड्यांना खुर्चीची जागा सक्तीची केली त्या २२हून अधिक प्रवाशांच्या. त्याखालच्या गाड्या सुटल्या. पण टॅक्सीचालकांवर त्या देशाने निराळ्या प्रकारचे कर्तव्य घातले आहे आणि २०२२च्या कायद्याने ते अधिक व्यापक केले: खुर्चीवाल्या प्रवाशाला नाकारायचे नाही, खुर्ची बरोबर घ्यायची, चढता-उतरताना मदत करायची, आणि यांपैकी कशाचेही जादा पैसे घ्यायचे नाहीत. यात गाडीला एक खिळादेखील ठोकावा लागत नाही. अमेरिकेने १९९०च्या कायद्यात दुसरी युक्ती केली. ठरलेल्या मार्गावर चालणारी खासगी गाडी लहान असेल तर ती सुलभ नसली तरी चालेल. मात्र त्या मालकाची सेवा एकूण पाहता खुर्चीवाल्याला इतरांइतकीच सोयीची, त्याच वेळेला, त्याच भाड्यात मिळाली पाहिजे. म्हणजे दहा गाड्यांपैकी एक सुलभ असली आणि बोलावल्यावर ती वेळेवर आली, तर उरलेल्या नऊंना माफी.

हे वाचताना मला आमच्या जीपच्या अड्ड्यांची आठवण झाली, कारण तिथे ही व्यवस्था अर्धी आधीच तयार आहे. अड्ड्यावर गाड्या कशाही सुटत नाहीत, नंबर लागतो. कोणाची गाडी कोणानंतर, मागून येऊन पुढे घुसणाऱ्याला काय शिक्षा, कोणाच्या घरी मयत झाली तर त्याचा नंबर किती दिवस राखायचा, हे सारे तोंडी पण पक्के ठरलेले असते. सरकारी वेळापत्रकाहून ते अधिक काटेकोरपणे पाळले जाते. अशा अड्ड्यावर प्रत्येक मार्गामागे एक गाडी मागचा बाक काढलेली, फळी आणि पट्टे बसवलेली असावी, खुर्चीवाला आला की तिचा नंबर पुढे यावा, आणि एरवी तिने नेहमीच्या शिटा न्याव्यात. बाकी गाड्यांकडून फक्त तीन गोष्टी: नकार नाही, खुर्चीचे भाडे नाही, आणि मागच्या दाराशी एक जादा खालची पायरी व धरायला दांडा, जो गावातला कोणताही वेल्डिंगवाला एका दुपारी लावून देईल. ही पायरी खुर्चीवाल्यापेक्षा कुबडीवाल्याच्या, गुडघे धरलेल्या म्हातारीच्या आणि दिवस गेलेल्या बाईच्या अधिक कामी येईल.

इथेही कायद्याची एक गंमत आड येते. मोटार वाहन अधिनियमाच्या २०१९च्या दुरुस्तीने अपंगांसाठी वाहनात फेरबदल करण्याची वाट सोपी केली खरी, पण तिथे ‘अनुकूलित वाहन’ म्हणजे जे केवळ अशा व्यक्तीकडून किंवा अशा व्यक्तीसाठीच वापरले जाते ते. म्हणजे स्वतःची स्कूटर असेल आणि तिला मागे दोन जादा चाके लावायची असतील तर मार्ग मोकळा. पण सर्वांना नेणाऱ्या जीपमध्ये एका खुर्चीची जागा करायची असेल तर ती या व्याख्येत बसत नाही. कायद्याच्या मनात अपंग माणूस एकटाच, स्वतःच्या वाहनावरून जाणारा आहे. इतर शिटांमध्ये बसून केजच्या बाजाराला निघालेला नाही.

तीच कल्पना वाटल्या जाणाऱ्या साधनांतही दिसते. कानपूरच्या कृत्रिम अवयव निर्माण निगमाची तीनचाकी सायकल खेड्यापाड्यांत पोहोचली आहे, आता बॅटरीवर चालणारीही येते. तिने अनेकांना अंगणातून पारापर्यंत आणि पारापासून शाळेपर्यंत आणले, हे उपकार विसरण्याजोगे नाहीत. पण तिची घडी होत नाही. ती फाट्यापर्यंत येते, झाडाला साखळी घालून उभी राहते, आणि तिच्यावर आलेला माणूस तिथून पुढे पुन्हा उचलण्याची वस्तू होतो. तालुक्याला उतरल्यावर त्याच्यापाशी पायही नसतात आणि चाकेही नसतात. दवाखान्याच्या दारापासून पहिल्या खोलीपर्यंत तो हातांवर सरकत जातो, किंवा रिक्षावाल्याच्या पाठीवर.

आणि हे सारे मी तरुण मुलाविषयी लिहिले. मुलगी असेल तर? तिला कोणी उचलायचे? मावशी म्हणून हाक मारणारा तोच सज्जन चालक इथे हात मागे घेतो, भाऊ बरोबर नसेल तर बाप वाकतो, आणि बापाची कंबर गेली की तिचा प्रवास संपतो. उचलून नेण्यावर चालणारी व्यवस्था कोणाकोणाला घरी बसवते याची मोजदाद कोणत्याही अड्ड्यावर होणार नाही, कारण त्या तिथपर्यंत आलेल्याच नसतात. मांजरसुंब्याच्या चौकात खुर्ची घेऊन आलेली माणसे मोजणाऱ्याला बहुतांशी पुरुषच सापडतील, आणि त्यावरून त्याने अपंगत्वाविषयी काही सिद्धान्त काढला तर तो चुकेल.

पैशाचा प्रश्न उरतो, पण तो वाटतो तितका बिकट नाही. ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंतच्या स्थानिक संस्थांनी आपल्या उत्पन्नाचा ५ टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करावा असा महाराष्ट्रात दंडक आहे. वर्षअखेरीस तो संपवण्यासाठी काय काय वाटले जाते हे गावोगाव सर्वांना माहीत आहे. राज्याच्या दिव्यांग वित्त व विकास महामंडळाने तर बेरोजगार अपंगांना फिरत्या दुकानासाठी विजेवर चालणारी वाहने दिली. डिसेंबर २०२२मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही निघाला. दुकानासाठी गाडी देता येते, तर एका मार्गावरच्या एका जीपला फळी, पट्टे आणि काढलेल्या बाकाच्या शिटांची भरपाई देता येणार नाही, असे कोणी सांगू नये. जबाबदारी लहान मालकावर टाकायची आणि खर्चही त्याच्यावर टाकायचा, हे मला मान्य नाही. पण खर्च उचलला म्हणून जबाबदारी ऐच्छिक ठेवायची, हेही नाही.

आणि या सर्वांसाठी मुंबई-दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही. जीपला परवाना देते ते प्रादेशिक परिवहन प्राधिकरण, आणि जिल्ह्यात त्याच्या अध्यक्षस्थानी असतात जिल्हाधिकारी. निजामी अमलात ज्यांना अव्वल तालुकदार म्हणत त्यांचेच हे आजचे पद. मोटार वाहन अधिनियमाच्या ७४व्या कलमाने कंत्राटी परवान्याला कोणत्या अटी घालता येतील हे सांगितले आहे: वाहनात ठरावीक दर्जाची सोय व स्वच्छता राखली पाहिजे ही त्यांतली एक, अपवादात्मक कारणावाचून प्रवासी नाकारता येणार नाही ही दुसरी. या अटी आजच पुस्तकात आहेत. त्याच कलमात असेही आहे की, प्राधिकरणाला वाटल्यास दिलेल्या परवान्यावर त्याला नव्या अटी चढवता येतात. त्यासाठी परवानाधारकाला पूर्वसूचना द्यावी लागते, आणि तिची किमान मुदत एक महिना आहे.